मोटरी बंद ठेवा, माणूस वर चाललाय

नंदुरबार जिल्ह्यातून आजवर कोणी अंतराळात गेलेलं नाही, असं सरकारदरबारी खुशाल मानलं जात असेल. माझ्या बायकोचे मामा मात्र निदान तीसचाळीस वेळा जाऊन आलेले आहेत, आणि दर वेळी जेवायला परत आपल्या गावी, प्रकाशाला. तापीकाठी त्यांचा केळीचा मळा, मळ्यातच घर, घरात भिंतभर टीव्ही, आणि जगाच्या पाठीवर कुठेही माणूस बसवून रॉकेट उडणार असलं की त्या टीव्हीपुढे मामा. ‘माणूस बसवून’ ही त्यांची अट. नुसते उपग्रह नेणाऱ्या रॉकेटांकडे ते रिकामी ट्रॉली ओढत चाललेल्या ट्रॅक्टरकडे बघावं तसे बघतात. पण एखादं नवं यान माणसं नेणार असं कळलं, की सोयरिकीच्या आधी करतात तशी चौकशी सुरू होते. खुर्च्या किती, पाय लांब करता येतात का, खिडकी आहे का, दार आतून उघडतं की बाहेरून, आणि सकाळचं ‘ते’ कुठे करायचं. मी लोणखेड्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ही सगळी माहिती वाचून सांगण्याचं काम जावई या नात्याने माझ्याकडे आलं आहे, आणि शेवटच्या प्रश्नाने माझ्या नाकी नऊ आणले आहेत.

एका लग्नात, यान अंतराळस्थानकाला कसं जोडतात हे दाखवण्यासाठी त्यांनी वधूपित्याच्या हातात पाण्याचा जग दिला आणि स्वतः पेला धरून इंचाइंचाने त्याच्याकडे सरकू लागले. “हालू नका, तुम्ही स्टेशन शेतस!” तिकडे वऱ्हाड पानांवर खोळंबलेलं आणि इकडे तो बिचारा गृहस्थ जोडणी पक्की होईपर्यंत जागचा हलला नाही. उड्डाण बघताना मामा चपला दाराबाहेर काढतात, खुर्ची बाजूला सारतात आणि उभे राहतात. वर जाणारी माणसं जिवावर उदार होऊन बसलेली असताना आपण टेकून बसणं मामांना पटत नाही. शेवटचे दहा आकडे ते श्वास रोखून ऐकतात. एकदा गिनती मध्येच थांबली, तेव्हा श्वास सोडायची आठवण मामींना करून द्यावी लागली. मामी हे सगळं लसूण सोलत बघतात. “मन्ही तीन बाळंतपणं व्हयनी, तवय तुमना मामा वावरमा व्हतात,” त्या मला म्हणाल्या, “आन् आते परका माणसंसकरता घंटाघंटा उभा ऱ्हातंस.”

या वेडाचं मूळ जुनं आहे. आपला पहिला माणूस अंतराळात गेला त्या दिवशी सगळं गाव चौकातल्या रेडिओभोवती जमलं होतं आणि तरणेबांड मामा केळीला पाणी देत होते, कारण पाण्याची पाळी त्यांची होती. संध्याकाळी घरी आले तर सगळं होऊन गेलेलं. आपला दुसरा माणूस जाईल तो मी माझ्या डोळ्यांनी बघीन, हे तेव्हा मनात धरलं ते धरलं. दुसरा माणूस जायला एवढी वर्षं लागतील हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मधल्या काळात केस गेले, गुडघे गेले, तेवढी ही इच्छा शाबूत राहिली.

आणि मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी बातमी आली, की आपला माणूस चालला! घोडं अडलं ते लाइटवर. मळ्यातला टीव्ही शेतीच्याच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. दिवसाची लाइट आली की त्या डीपीवरच्या सगळ्या पाण्याच्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि टीव्ही बंद होतो. इन्व्हर्टरने पूर्वी एकदा ऐन उड्डाणात मान टाकली होती, तेव्हापासून तो अडगळीत. मोबाइलवर बघा म्हटलं तर मामा माझ्यावरच उखडले. “आपला माणूस वर जाई ऱ्हायना, आन् मी त्याले तळहातवर दखू?” शेवटी त्यांनी फटफटी काढली आणि डीपीवरच्या एकेका शेतकऱ्याच्या बांधावर गेले. “आपला माणूस जाई ऱ्हायना भाऊ, घंटाभर मोटर बंद ठेव.” सगळ्यांनी ठेवल्या. मामींनी पातेलंभर ताक केलं, मंडळी जमली, आणि उड्डाण पुढे ढकललं.

मग ते परदेशातले रॉकेटवाले ढकलतच राहिले. कधी तिकडची हवा बिघडली, कधी कुठे गळती निघाली. मामांचा विश्वास ढळला नाही. “माणूस शे तो, कापूसनं गठोडं नही. समदं तपासीसनच धाडतीन.” दर वेळी फटफटी, दर वेळी विनंती, दर वेळी ताक. पाऊस लांबलेला, लाइट मोजकी, केळीची पानं दुपारी माना टाकत होती. अखेर बांधाला लागून मळा असलेला शेजारी भडकला. “आबा, तुमनं रॉकेट उडो नही तं राहो, मन्ही केळ वाळी ऱ्हायनी ना!” केळीची तहान मामांनाही कळत होती. घरी येऊन त्यांनी फटफटी झाकून ठेवली आणि मला म्हणाले, “आते कोणले सांगाऊ नही.”

नवी तारीख आली. भर दुपारची वेळ. मी गेलो तेव्हा मामा चपला काढून उभे होते, आणि बाहेर चारी बाजूंनी मोटरी घुमत होत्या. टीव्ही लागायचा, क्षणभर उंच पांढरं रॉकेट दिसायचं आणि पडदा काळा व्हायचा. मामा त्या काळ्या पडद्याकडेही तसेच उभ्याने बघत होते. माझा जीव अगदी तुटला. इतक्यात शेजारच्या मळ्यातली मोटर बंद पडली. मग पलीकडची. मग नदीकडची. पाहता पाहता सगळं शिवार गप्प झालं. मला वाटलं लाइटच गेली. पण डोक्यावरचा पंखा तर उलट जोरात फिरायला लागला होता. टीव्ही लागला आणि लागलेलाच राहिला. केळीच्या ओळींतून चिखलाच्या पायांनी माणसं येताना दिसली. सगळ्यांनी दारात चपला काढल्या. सगळ्यात पुढे तो शेजारी.

“सरका ना जरासा, आबा. आम्हले बी दखू द्या.”

शेवटचे दहा आकडे सगळ्या घराने श्वास रोखून ऐकले. मामींच्या हातातला लसूण हातातच राहिला. आणि ते उडालं! आगीचा लोळ सोडत, सरळ, देखणं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं. काय ओरडलो आम्ही! कॉलेजातला प्राध्यापक असूनही मी शिट्टी मारली. शेजाऱ्याने मामांना उचललंच. मामा हसत होते, डोळे पुसत होते, आणि डोळे पुसताना चित्र चुकू नये म्हणून एका वेळी एकच डोळा पुसत होते.

ताक पिऊन मंडळी पांगली, मोटरी सुरू झाल्या. शेजारी तेवढा ओट्यावर मामांजवळ बसून होता. मी म्हटलं, “मामा, पुढच्या वेळी आपलंच यान, आपल्याच जमिनीवरून.” मामांनी दुखरे गुडघे चोळले. मग हळूच म्हणाले, “तोपावत मी ऱ्हासू का?”

शेजारी म्हणाला, “ऱ्हावाच लागी, आबा. नही तं मोटरी बंद करा म्हणीसन आम्हले कोण सांगी?”

मामांनी त्याचा हात धरला, आणि त्याच्या केळीला पाणी सोडायचं राहिलं होतं तरी बराच वेळ सोडला नाही.