झेंडूचा हार आणि चांदवडचा चढ

नाशिकहून चांदवडला स्वतः गाडी चालवत जायचं मनात असेल तर खुशाल जा. आता रस्ता ऐसपैस झालाय. मी गेले ते ऐंशीच्या दशकात, दसऱ्याच्या दिवशी. तेव्हा आग्रा रोडवर समोरून ट्रक आला की आपलं एक चाक मुकाट्याने मातीत उतरवायचं.

आणि मी एकटी होते. माझे यजमान त्याच वर्षी आषाढात गेले. मागे राहिले मी आणि त्यांची निळी मोटार. धाकट्या दिरांनी गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चालवता येणं वेगळं आणि गाडी सांभाळणं वेगळं. रस्त्यात बंद पडली तर काय रडत बसणार?" असा राग आला म्हणता! पण खोटं कशाला सांगू, धास्तीही वाटली. चालवायला मला ह्यांनीच शिकवलं, बॉनेट मात्र कायम तेच उघडायचे.

दर दसऱ्याला आम्ही चांदवडच्या रेणुकेला जायचो. ठरवलं, यंदा एकटीने जायचं. गाडी आपली आपण परत आणली तर ती घरात राहील. दुसऱ्याने ओढून आणावी लागली तर देऊन टाकायची.

सकाळी इंजिन थंड असतानाच सगळं बघून घेतलं. तुम्हीही तसंच करा. ऑइलची पट्टी काढून पुसायची, परत बुडवून बघायची. रेडिएटरचं पाणी काठोकाठ भरायचं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा, जरासाच दबला पाहिजे. चाकांतली हवा बघायची, स्टेपनीचीसुद्धा, ती सगळेच विसरतात. डिकीत पाण्याचा डबा आणि एक जाड फडकं हवंच. हे सगळं ह्यांना करताना बघून बघून पाठ झालं होतं. मग गाडी धुतली, पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली.

शेजारच्या काकू फाटकाशी थबकल्या. "अगं, यंदा तुमच्याकडे सण नाही ना?"

"मला नसेल काकू. गाडीला आहे."

राहिला हार. हे दरवर्षी हार गाडीच्या मागे बांधायचे. साऱ्या गावाच्या गाड्यांना पुढे, आमच्या गाडीला मागे! मी चिडले की म्हणायचे, "मागून येणाऱ्यालाही दसरा दिसू दे की." एवढंच, आणि गालातल्या गालात हसायचे. यंदा अडवायला कोणी नव्हतं. मी झेंडू, शेवंती आणि आंब्याच्या पानांचा चार पदरी हार केला आणि चांगला ऐटीत पुढच्या जाळीवर बांधला. जाळी दिसेनाशी झाली.

ओझरला कारखान्याच्या फाटकावर तोरण होतं. ह्यांची सगळी नोकरी तिथे झाली. इथे आलं की हे पहारेकऱ्याला हाक मारायचे, मग दोन मिनिटं गप्पा. मी नुसता हॉर्न दिला. कोणी वळूनही पाहिलं नाही. पिंपळगावला पेट्रोल भरलं (तेव्हाचा भाव सांगत नाही, उगाच हळहळाल) आणि नेहमीच्या हॉटेलात कांदाभजी सांगितली. मालक तळता तळता म्हणाला, "चहा दोन ना?" मी म्हणाले, "एकच." भजी तशीच कागदात बांधून घेतली.

चांदवडच्या अलीकडे चढ लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. गाडी कडेला घेतेय तोच बॉनेटमधून वाफेचा लोट. झालं! भाऊजींचे शब्द खरे होणार, दुसरं काय?

लक्षात ठेवा, तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, तोंड भाजतं. चांगलं निवू द्यायचं, मग फडकं टाकून हळूहळू फिरवायचं. मी तशीच बसून राहिले. कडेच्या वावरात एक बाई कांद्याच्या रोपाला पाणी देत होती. ती कळशी घेऊनच वर आली.

"ताई, एकल्याच हायेत का? मालक नाय संगं?"

"नाहीत."

इंजिन निवेपर्यंत ती थांबली. आम्ही पाणी भरलं. गळती कुठे नव्हती, पट्टा शाबूत होता. गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली आणि काटा परत वर! आता मात्र मला रडू आलं. तेवढ्यात एक ट्रक थांबला.

"टोचन करू का ताई? बांधतो दोरी, नेतो चांदवडला ओढून."

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "करा." संपला विषय. गाडी गेली.

तो दोरी घेऊन पुढे आला. "हुक घावंना. तेवढा हार सरकवा, देवाचा हाय."

मी हाराला हात घातला आणि चटका बसला. झेंडू अक्षरशः शिजले होते. आणि एकदम आठवलं, थंडीत पहाटेची पाळी असली की हे ह्याच जाळीवर गोणपाट बांधायचे. वारा अडला की इंजिन लवकर तापतं म्हणून. अहो, मी ऑक्टोबरच्या उन्हात गाडीला गोणपाटच बांधलं होतं, फुलांचं!

"दादा, टोचन नको. चालेल आता."

"बघा बुवा," म्हणून तो गेला. मी हार सोडला आणि मागे, डिकीच्या मुठीला बांधला. गाडी निवेपर्यंत त्या बाईने आणि मी भजी खाल्ली. निघताना तिने बांधावरच्या आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली. "सोनं घ्या ताई." यंदा आमच्याकडे सण नाही, हे तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या वर्षी मला तेवढंच सोनं मिळालं.

चढभर काटा मधोमध राहिला. "सरळ सांगितलं का नाही हो कधी?" मी मोठ्याने विचारलं. शेजारच्या सीटवर देवीचा नारळ होता. इतकी वर्षं त्या हारावरून मी फुगून बसायचे, आणि हे नुसते हसायचे. देवीपुढे काही मागायला सुचलं नाही. उतारावरून गाडी माझी मी घरी आणली. घर तसंच, बाहेरून कुलूप. झालं ते सांगायला घरात माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी गिऱ्हाईकाला घेऊन आले. मी म्हणाले, "गाडी द्यायची नाही." भाऊजी वाद घालत राहिले, तो माणूस गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"हार मागे कसा काय बांधलाय, बाई?"

रेडिएटर, वारा, सगळं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "मागून येणाऱ्यालाही दसरा दिसू दे की."

तो हसला नाही. मग मी एकटीच हसले.