रस्त्याखालची वाट

सरूनं शेवटी शेतातल्या धानाचं विचारलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात होती, नाकाले नळी, अंग तापलेलं, अन मले म्हणते, बांधीवर कोण जाऊन राह्यलं? मी म्हणलं, तू बरी हो, मंग दोघं जाऊ. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं अन हळूच म्हणली, "एकट्यानं भेव लागते ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईनं तिच्या खाटेचा पडदा ओढला अन मले बाहेर बसा म्हणली... तेव्हाच समजलो. पोरगी नागभीडले राहते. ती म्हणते, बाबा, बांधी ठेक्यानं देऊन टाका अन माझ्याकडं या. आईवर पेपरात दोन शब्द लिहा, हे बी तिचंच सांगणं. म्हणून लिहून राह्यलो.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. सरू लग्न होऊन आली तेव्हा इथी एकेरी डांबरी सडक होऊन राह्यली होती. मी डांबराचा ड्रम तापवत होतो, ती टोपल्यानं गिट्टी टाकत होती. ते डांबर तिच्या पायाले असं पोळलं की डाग शेवटपर्यंत गेला नाई. सडक ओलांडली की पलीकडं आमची बांधी. मंग हायवे आला. मशीननं डोंगर कापला, चार पदरी सडक झाली, मधात सिमेंटची भिंत, बाजूले लोखंडी कठडा. घर अलीकडं, बांधी पलीकडं. आमच्या समोरच सडकेखालून बोगदा काढला, पण तो जंगलातल्या जनावरांसाठी. गाडीखाली जनावर मरू नये, हे बराबरच आहे. गावच्या सभेत सरूनं विचारलं, माणसानं कुठून जावं? हायवेचे साहेब म्हणले, पुढच्या गावाजवळ पूल आहे, तिथून वळून या. सरू म्हणली, "जनावरांनी अर्ज लवकर देला असन. आपुन मागं राह्यलो." सारे हासले, साहेब बी हासले. पूल जिथं होता तिथंच राह्यला.

पुलाकडून जायचं तर सकाळ चालण्यातच जाते. म्हणून आम्ही बोगद्यातून जाऊ लागलो. जाऊ नका, असा वनविभागाचा फलक तिथी आहे. आत भर दुपारी बी अंधार, भिंतीवरून पाणी गळते, डोक्यावरून ट्रक गेला की छातीत धडधडते. चिखलात त्या पट्टेरी जनावराचे पंजे दिसत. आमच्या इथी जंगलात त्याचं नाव घेत नाईत. सरू त्याले भाऊ म्हणे. बोगद्याच्या तोंडाशी उभी राहे, डब्याच्या झाकणावर काठी ठोके अन मोठ्यानं सांगे, "भाऊ, आम्ही दोघं येऊन राह्यलो. बाजूले व्हा." मले वाटे, ही बाई कोणाले भीत नाई. एका दिवशी पंजा ताजा होता, त्यात पाणी अजून झिरपत होतं. तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता, अन तोंडानं झाकण वाजवल्यासारखी बडबड चालूच होती... मी भिंतीकडून जावो, ती डाव्या अंगानं.

मंग माझे गुडघे धरले अन ती एकटीच जाऊ लागली. मी घरी बसून जीव मुठीत धरो. शेजारची बाई तिच्यामागं होती एकदा, तिनं येऊन सांगितलं, तुमची सरू एकटी असली तरी दोघं येऊन राह्यलो म्हणते. मी सरूले चिडवलं, दुसरा कोण आहे वं तुझ्यासंगं? ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणली, "तुमी. दुसरा कोण येते माह्यासंगं मराले?"

तापात तिले नेलं ते त्याच हायवेनं. अॅम्ब्युलन्सले एक खड्डा लागला नाई. जुनी सडक असती तर ती वाटेतच गेली असती, हे बी लिहिलं पाहिजे. लवकर पोचलो. पण उपयोग झाला नाई.

आता धान पिवळं झालं. रानडुकरं घुसून राह्यली, असं गावातले सांगतात. तेराव्यानंतर मी रोज बोगद्यापर्यंत जावो अन तोंडाशी बसून परत येवो. अंधारात पाहिलं की पाय उचलत नाई. पोरीचा फोन येते, काय ठरवलं बाबा? मी म्हणतो, पाहू.

काल तिचं झाकण घेऊन गेलो. मधात काठीच्या माराचा खोलगा पडला आहे, काठी आपोआप तिथंच बसते. वाजवलं. आवाज आत जाऊन फिरून आला. वरून ट्रक गेला, तो जाऊ दिला. पुढं अंधारात काही हललं... पाणी असन, नाईतर तो असन. तरी म्हणलं, "भाऊ, आम्ही दोघं येऊन राह्यलो." अन भिंतीले लागून आत शिरलो, डाव्या अंगाले तिच्यापुरती जागा सोडून.