औसत गुरुजींची गाडी

औसत गुरुजींना "कसे आहात?" असं विचारलं, की ते आजचं न सांगता आठवड्याचं सांगत. "आज ताप हाय, पण आठवडा धरला तर मी बरा हाय," असं कण्हत कण्हत म्हणायचे. निजामाच्या अमलात शाळेच्या तक्त्यात मुलांच्या हजेरीची औसत, म्हणजे सरासरी, भरावी लागे. ती भरता भरता त्यांना हा नाद लागला आणि आमच्या चुडावा गावानं त्यांचं खरं नाव टाकून दिलं. मी त्यांच्या हाताखालचा नवा मास्तर.

एकदा त्यांनी वर्गातच दहा जणांची पंगत बसवली. नऊ पोरांनी एकेक भाकरी खाल्ली. दहावा गावचा पैलवान, त्यानं एकवीस. "तीस भाकरी, दहा माणसं. औसत तीन," गुरुजी म्हणाले. "आता तीन खाल्लेल्यानं हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "म्हणून पंगतीत पैलवान हाय का ते आधी बघा. असंल तर खाण्याच्या क्रमानं सगळ्यांना उभं करा अन् मधल्या दोघांना विचारा." मधल्या दोघांनी एकेकच खाल्ली होती. पैलवान उभा राहायला तयार नव्हता, त्याचं जेवण चालूच होतं.

सकाळच्या गाडीचा उशीरही ते रोज वहीत टिपायचे. एकोणचाळीस दिवसांची औसत चाळीस मिनिटं निघाली आणि गावानं स्टेशनच्या घड्याळाकडे बघणंच सोडलं.

मग त्यांची सेलूला बदली झाली. शिकवायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते कधी बोललो नव्हतो. निघताना पाया पडून एकदा सांगायचं, असं मी ठरवलं. गावानं हार आणले, हलगीवाला बोलावला.

"गडबड करू नका. चाळीस मिनिटं हायेत, तुमी जेवून या," गुरुजी म्हणाले. "मी तेवढा पुढं होतो. आपण वेळेवर गेलेलं बरं."

यात काही खटकावं, एवढी अक्कल आमच्यात कुणालाच नव्हती. पोटभर जेवून, हलगी वाजवत आम्ही रुळापाशी पोचलो, तर गाडी स्टेशनातून सुटलेली. अगदी वेळेवर! गुरुजी खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, आनंदानं वेडे झालेले.

"मास्तर, आज पैलवान आला! वहीत शून्य लिवा, शून्य!"

मी हार घेऊन गाडीमागं धावलो. हलगीवाल्यालाही चेव आला, तो माझ्यामागं वाजवत धावला. जे सांगायचं होतं ते मी ओरडून सांगितलं, पण हलगीत ते मलाच ऐकू आलं नाही.

घरी येऊन वहीत शून्य लिहिलं. औसत एका मिनिटानं उतरली. गुरुजी पुन्हा भेटले नाहीत.

आता कुणी "कसे आहात?" विचारलं, की मीही सगळं आयुष्य धरून "बरा आहे" म्हणतो. त्या एका सकाळचं विचारलं, तर मात्र बरा नाही.