नामिबियातला पाणवठा

नजर कडेकडून कमी होत जाईल आणि शेवटी मधलंही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात ह्यांनी ड्रायव्हिंग सोडलं. शिकागोच्या ऑफिसला जायला मी त्यांना नेपरव्हिल स्टेशनवर सोडू लागले. एका रविवारी जेवताना म्हणाले, "आफ्रिकेतले प्राणी बघायचेत. दिसतंय तोवर."

मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, जस्ट गो."

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये आम्ही नामिबियाला गेलो. अभयारण्यात हिरवं असं काही नव्हतंच. मिठागरासारखी पांढरी जमीन, काटेरी झुडपं आणि दातांत कचकचणारी धूळ. पाऊस जाऊन महिने झालेले, त्यामुळे सगळे प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर यायचे. पहिल्याच सकाळी एक जिराफ आला आणि पुढचे पाय फाकवून पाणी पिऊ लागला.

"कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"अहो, समोरच. थोडं डावीकडे."

त्यांना सापडेना. मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून वळवलं. तोवर जिराफ झुडपांत शिरला होता.

"दिसला, दिसला," म्हणाले आणि दुर्बीण पिशवीत ठेवून दिली. ते बघत होते तिथे नुसतं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी पाठ दुखतेय म्हणून ते आलेच नाहीत. मी एकटी गेले. सिंहीण पिल्लांना घेऊन आली, इतक्या जवळ की पाणी चाटल्याचा आवाज येत होता. गाडीतले बाकीचे फोटो काढत होते. मी रडत होते.

परतले तेव्हा हे तंबूबाहेर खुर्चीत बसले होते.

"काय दिसलं?"

"काही नाही हो. धूळ."

"दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आत्ताच सांगून गेला, सिंहीण होती म्हणून."

मी टोपीवरची धूळ झटकू लागले.

"तू आत्तापासूनच लपवायला लागलीस, तर पुढं मी काय करायचं?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि सांगायला लागले. पिल्लू चिखलात कसं घसरलं, आईनं मान न वळवता त्याला शेपटीनं कसं फटकारलं. मध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूनं आली?"

दोन हिवाळ्यांनी ह्यांना मधलंही दिसेनासं झालं. आता बर्फ पडू लागला की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. शेजाऱ्यांच्या गाडीवर किती साचलाय, कुठली फांदी वाकलीय, ते सांगते. कधी मध्येच मला रडू येतं. हे थांबतात, घाई करत नाहीत.