गालाला लागलेला उजेड

बाईनं अंगठ्याला थुंकी लावली आणि माझा गाल घासला. अंगठा पिवळा झाला. तिनं तो सगळ्यांपुढे धरला.

"काऊन वो बाई," ती माझ्या मायला म्हणाली, "काळी पोरगी रंग फासून खपवता का?"

ती मुलाची आत्या होती. तिच्यासोबत मुलाचा बाप आला होता, मला पाहायला. मुलीनं पावडर लावली की काय, ते तेव्हा असं थुंकीनं घासून पाहत. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पण पावडर पांढरी निघते. हळद असती तर इतक्या सहज निघाली नसती. माझ्या गालावरचा रंग पिवळाधमक होता, तो खडूचा होता.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही केळझरला राहत होतो. बाप नव्हता. मामा वर्ध्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होता, आणि हे स्थळ त्यानंच आणलं होतं. दिवाळीच्या सुटीत तो मऊ रंगीत खडूंचा डबा घेऊन यायचा. चौथीनंतर माझी शाळा बंद झाली होती, पण मामा मला टेकडीमागच्या सागाच्या रानात सोबत न्यायचा आणि एक खरबरीत खाकी कागद हातात द्यायचा.

"उजेड पांढरा नसते, पोरी," तो म्हणे. "पहिले सावली भर. मंग त्याच्यावर उजेड ठेव, अन् बोट नको फिरवू."

सावली बोटानं चोळायची, उजेडाचा खडू नुसता टेकवायचा. सावली मला जमली होती. उजेडावर मात्र बोट गेल्याशिवाय राहत नसे, आणि ऊन पडण्याऐवजी चिखल व्हायचा.

त्या दिवशी पाहुणे दुपारी यायचे होते. ते सकाळच्याच मोटारीनं आले. आम्ही रानातून परतलो तर ते ओसरीवर बसलेले. मायनं मला मागच्या दारानं आत ओढलं, हात घासले, तोंडावर ओला हात फिरवला, लुगडं नेसवलं. स्वयंपाकघरात अंधार होता. कानाजवळचा गाल तसाच पिवळा राहिला.

आता माय दाराला धरून उभी होती. तिला तोंडावर लबाड म्हटलं होतं. मामाला वाटलं, आपण सोडवू. तो आत जाऊन मी सकाळी रानात काढलेलं चित्र घेऊन आला.

"हे पाहा जी, खडूचा रंग हाये. पोरगी चित्रं काढते."

मुलाच्या बापानं चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे रानात फिरते?"

"मी राह्यतो ना संगं."

"घरी भाकर टाकन का झाडं काढन?" आत्या म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मी मान खाली घालून बसायला पाहिजे होतं. मी चित्र पाहत होते. इतक्या दूर धरलेलं ते मी पहिल्यांदाच पाहत होते. डावीकडच्या खोडांवर पिवळा फार झाला होता. पण मधे, जिथं घाईत खडू नुसता टेकवून सोडला होता, तिथं पानांतून ऊन खरंच जमिनीवर उतरलं होतं. माझ्या मनात आलं, जमलं. मला बरं वाटलं. तेवढ्यात मायचा हुंदका ऐकू आला.

गाल घासला त्याचं मला आता काही वाटत नाही. त्या बरं वाटण्याची लाज अजून वाटते.

स्थळ मोडलं. गावात मला रंगवलेली पोरगी म्हणू लागले, आणि पुढं बराच काळ कोणी पाहायला आलं नाही. मामा येत राहिला, पण मायनं खडूंचा डबा पुन्हा घरात येऊ दिला नाही. मीही मागितला नाही.

त्या सकाळी ओसरीवर होते, त्यांतलं आता कोणी नाही. मीच तेवढी आहे.