फुकटचं गाठोडं

“खाली जिन्यापाशी एक गाठोडं आहे, जाताना घेऊन जा. चौथ्या मजल्यावरच्या आजी परवा गेल्या ना, त्यांचं अंथरूण-पांघरूण आहे. नऊवारी पण आहेत. तुझ्या पिशव्यांना होतील. तुमच्यात चालतं ना?”

तुमच्यात चालतं ना!

हे मला सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. वाशीतल्या एका सोसायटीचा हॉल, संक्रांतीचं हळदीकुंकू, नटूनथटून आलेल्या बाया, आणि मधोमध मी उभी. बाई रागावून बोलल्या नाहीत. गोड बोलल्या. आपण काहीतरी पुण्याचं काम करतोय, अशा तोंडानं बोलल्या. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला शिवी देता येते, आणि त्या बाबतीत मी कुणाला हार जाणारी नाही. पण असल्या गोड बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, “हो, नेते.”

नेते! माझ्याच तोंडातनं निघालं हे. जीभ कशी झडली नाही तेव्हा!

आता पहिल्यापासनं सांगते.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तुर्भ्याला राहायचो, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे, कोकणातनं येऊन इथल्या दगडखाणीत राबले. खोकल्यानं धरलं तसे घरी बसले. नवरा एका केमिकल कंपनीत, आज परमनंट करतील, उद्या करतील म्हणून वाट बघत होता. आणि माझ्याकडे एक जुनं पायमशीन. त्याच्यावर मी पिशव्या शिवायची. जुन्या साड्यांच्या. वरून साडी, आतून मांजरपाट, आणि साडीचेच काठ दुमडून दुमडून केलेले बंद. नारळ घाला, बटाटे घाला, बंद तुटणार नाही. बाजाराच्या दिवशी वाशीला रस्त्याकडेला गोणपाट अंथरून बसायची आणि विकायची.

साड्या यायच्या भागूबाईकडनं. भागूबाई म्हणजे आमच्याच वस्तीतली बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन वाशीच्या बिल्डिंगी पालथ्या घालायची, जुन्या साड्यांवर भांडी द्यायची. एका पातेल्यावरनं दारात अशी भांडणं व्हायची म्हणता! घरवाली म्हणणार, झाकणपण टाक. भागूबाई म्हणणार, मग जरीची आणखी एक आणा. शेवटी दोघींना वाटायचं आपणच जिंकलो. संध्याकाळी भागूबाई आली की मी एकेक साडी उजेडात धरायची, दोन्ही हातांनी ताणायची. विरलेली असेल तर बाजूला. बाकीच्या सोड्याच्या पाण्यात उकळून काढायच्या. सोड्यानं माझ्या बोटांची सालं निघायची.

मशीन घरात आलं तेव्हा आबांनी एकच विचारलं होतं.

“कापड कुटनं आननार गो?”

“भागूबाईकडनं. भांड्यावर घेतलेलं.”

“म्हंजे बदल्यात.”

“बदल्यात.”

“मंग शिव. पन फुकटची एक चिंधी ह्या घरात आली, तर तुजं मशीन भायेर.”

आबा उगाच बोलले नव्हते. त्यांच्या गावात मढं निघालं की त्याच्यावरचं कापड आमच्या लोकांनी उचलायचं. हक्क म्हणायचे त्याला. हक्क कसला, डोंबलाचा! आबांच्या आईनं त्यातल्याच एका कापडाचा आबांना सदरा शिवला होता. पाठीवर गुलालाचा डाग होता. दगडावर घासघासून कापड विरलं, डाग काही गेला नाही. शाळेत आबा दाराबाहेर बसायचे, तर पोरं मागनं तो डाग बघून ओरडायची, “मढं आलं रे, मढं आलं!” आबांची शाळा त्या सदऱ्यानं सुटली. पुढं धर्म बदलला तेव्हा सगळ्या वाडीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि मेलेल्याचं घ्यायचं नाही. हे सांगताना आबांचा हात अजून आपसूक पाठीकडे जायचा.

तर अशी ही अट. मी ती मान्य करून धंदा चालू केलेला.

मग एकदा बाजारात ह्या सेक्रेटरीणबाई आल्या. त्यांच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी, म्हणून मी आपलं त्यांना सेक्रेटरीणबाईच म्हणायची. एक पिशवी घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, “ताई, संक्रांतीला आम्ही बायकांना वाण लुटतो, दरवर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे. यंदा तुमच्या पिशव्या देऊ. छान झाल्या तर दिवाळीच्या प्रदर्शनात तुम्हाला टेबल देते.”

टेबल! रस्त्यावर गोणपाटावर बसणारी मी, ट्रकांची धूळ खाणारी. हॉलमध्ये टेबलामागे खुर्चीवर बसणार, डोक्यावर पंखा, आणि माल मांडून ठेवलेला. मला तर वेड लागायचं बाकी राहिलं. नवरा चिडवायला लागला, “काय मालकीणबाई, आमाला ठेवाल का कामाला?” मी खरंच जीव ओतून शिवलं. प्रत्येक पिशवीला वेगळा काठ. एक टाका वाकडा गेला तर उसवून परत घातला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माल घेऊन गेले. ठेवणीतली साडी नेसले होते. चपला बाहेर काढल्या. पिशव्या सोडल्या तशा बाया धावल्याच. “अय्या, किती गोड!” “मला ही हिरवी!” एक जण म्हणाली, “अगंबाई, हा काठ अगदी माझ्या साडीसारखा!” तिचाच असणार. भागूबाईनं त्याच बिल्डिंगीतनं आणलेल्या साड्या होत्या त्या. मी पदराआड हसले.

सेक्रेटरीणबाई करंडा घेऊन आल्या. “अहो ताई, या ना पुढे, लाजताय काय? हळदीकुंकू लावते.”

आता आमच्यात हळदीकुंकू नाही. लग्नाआधीपासनं नाही. तरी माझं कपाळ जरासं पुढं झालं. खोटं कशाला बोलू? एवढ्या बायांत कुणीतरी मला या म्हणत होतं, ते बरं वाटलं.

बोट हळदीत बुडवता बुडवता बाईंनी सहज विचारलं, “तुर्भ्याला कुठे हो राहता?”

“विहाराच्या मागं.”

बोट तिथंच थांबलं. मग बाईंनी ते करंड्याच्या काठाला हळूच पुसलं.

“अच्छा,” म्हणाल्या.

तिळगूळ दिला तो वरनं. माझ्या हाताला हात लागू नये अशा बेतानं सोडला, त्यातला एक खाली फरशीवर पडला. मी वाकून उचलला. का उचलला, कुणास ठाऊक. एका बाईनं मांडीवरची पिशवी हळूच खाली ठेवली. दुसरीनं पिशवीत टाकलेला तिळगूळ काढून रुमालात बांधला. सेक्रेटरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, “बायकांनो, घरी गेल्यावर पिशव्या एकदा पाण्यातनं काढा हं, कापड जुनं आहे.”

मी उकळून आणल्या होत्या त्या. माझी सालं निघालेली बोटं त्यांच्यासमोर होती. आणि मग माझ्याकडे वळून बाईंनी ते गाठोड्याचं काढलं. मघाशी ‘अहो ताई’ होते. आता ‘जाताना घेऊन जा’. वर तुमच्यात चालतं ना.

तोंडात तिळगूळ होता माझ्या. तो गिळून मी “नेते” म्हटलं. डोळ्यांपुढे ते मेलं टेबल होतं.

खाली वॉचमननं काठीनं गाठोडं दाखवलं. त्यानं पण हात लावला नाही. मी वाकले आणि माझे हात पुढं झाले. ते मी केले नाहीत, झाले. जन्मभर तेच करत आल्यासारखे झाले. मी मढ्यावरचं कापड कधी उचललेलं नव्हतं, माझ्या आईनंही नव्हतं. तरी हातांना बरोब्बर ठाऊक होतं कसं उचलायचं ते, न विचारता, खाली बघून. ह्याची लाज मला त्या बायांच्या वागण्यापेक्षा जास्त वाटते. अजून वाटते.

गाठोडं डोक्यावर घेऊन वाशीहून तुर्भ्यापर्यंत चालत आले. रस्त्यात ओळखीच्या दोघी दिसल्या, तर ट्रकाच्या आडोशाला उभी राहिले. घराशी आल्यावर गाठोडं आत नेलंच नाही. मागं मोरीच्या बाजूला ठेवलं, वर गोणपाट टाकलं. म्हटलं भागूबाईला देऊन टाकू, आबांना कळायला नको.

पण खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं नाक मोठं तिखट असतं. कापराचा वास आला त्यांना. मागं गेले, गोणपाट बाजूला केलं, गाठ सोडली. मी दारात उभी. वर चादर होती, औषधांचा वास मारणारी. तिला तुळशीचं एक सुकलेलं पान चिकटलेलं. ते पान बघून आबा खालीच बसले.

“कुनी दिलं?”

“सोसायटीच्या बाईंनी.”

“बदल्यात?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

मला वाटलं, आता मशीन बाहेर फेकतील. फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गोणपाट परत वर ओढलं. मग म्हणाले, “माज्या आयनं घेतलं, तिला दुसरं काय गावतच नव्हतं. तुला काय कमी हाय गो? मशीन हाय, धड हात हायेत. तुला घ्यायला काय झालं व्हतं?”

हेच मी अजून स्वतःला विचारते.

त्या दिवशी आबा माझ्या हातचं जेवले नाहीत. ताट वाढलं, ते तसंच राहिलं. वाशीची बाई मला शिवली नाही त्याचं काय एवढं? पण माझ्या घरचा म्हातारा, पोरीसारखं वागवणारा, माझ्या हातचं जेवला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मशीनवर नुसती बसून राहिले. पाय हलवला नाही. डोकं मात्र चालू होतं. मला आपलं वाटायचं, फ्लॅटमधल्या बायांना काय ठाऊक आमचं जुनं! शिकलेल्या, शहरातल्या. पण तिला सगळं ठाऊक होतं की! माझा पत्ता कळल्या कळल्या तिला मढ्याचं अंथरूण आठवलं. आम्ही गाव सोडलं, देव सोडले, खाडीकाठी येऊन दगड फोडले, मशीन घेतलं. तो ‘हक्क’ आम्ही केव्हाच फेकून दिला होता. ह्या बाईनं तो माझ्यासाठी जपून ठेवला होता, आणि मी मान खाली घालून तो डोक्यावर घेतला. तेव्हा लाजेच्या पोटातनं राग वर आला. आधी स्वतःवर आला, मग जायचा तिथं गेला.

सकाळी गाठोडं परत बांधलं, डोक्यावर घेतलं आणि भर उजेडात वाशीला गेले. ह्यावेळी कुणाच्या आडोशाला उभी राहिले नाही. जिना चढले, बेल मारली.

सेक्रेटरीणबाईंनी दार उघडलं आणि दोन पावलं मागं सरल्या. “अगं, हे वर कशाला आणलंस? शी!”

“हे तुमचं. मेलेल्याचं आमी घेत नाही.”

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं त्यात? गरिबाला उपयोग होईल म्हणून दिलं. तुमच्यात चालतं, असं ऐकलं होतं.”

“चालत नव्हतं. तुमी चालवून घेतलं होतं.”

बाईंचं तोंड लाल झालं. “मग त्या दिवाळीच्या टेबलाचं विसर.”

“विसरले,” म्हटलं. गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं आणि निघाले.

फार शूर होते असं कुणी समजू नका. खाली येऊन पदरानं नाक पुसत किती वेळ उभी होते, वॉचमन बघत होता. ते टेबल गेलं ते गेलंच. दिवाळीत तिथं दुसऱ्या कुणीतरी माझ्या पद्धतीचे काठाचे बंद लावून पिशव्या विकल्या, भागूबाईनं येऊन सांगितलं. वाशीच्या बाया बाजारात माझ्या गोणपाटासमोर आल्या की पाऊल उचलून पुढं जायच्या. गाठोडं परत केलं त्या दिवशी आबा माझ्या हातचं जेवले.

पिशव्या मी अजून शिवते. जुन्याच कापडाच्या. कुणी दारात गाठोडं आणून टाकतं, “घ्या हो, घरात असंच पडलंय, गरजूला होईल.” मी म्हणते, बदल्यात पिशवी घ्या, नाहीतर गाठोडं उचला. काहींना राग येतो. फुकट देण्यातली त्यांची मजा जाते ना! जाऊ दे. माझ्या हातांची खोड मात्र अजून गेली नाही. कुणी काही पुढं केलं की आधी तेच निघतात. मी त्यांना मागं ओढते, दर वेळी ओढते, आणि मेल्याशिवाय सोडणार नाही.

आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. मी मेले की माझ्या अंगावरचं, अंगाखालचं, सगळं कापड माझ्याबरोबर जाळायचं. गाठोडं बांधून कुणाच्या दारात न्यायचं नाही. माझा डाग कुणाच्या पोराच्या पाठीवर जायला नको.