खिडकीशी उभा राहणारा नवरा

इतके किस्से तुझ्या लक्षात राहतात कसे, असं मला सगळे विचारतात. अहो, लक्षात ठेवावेच लागत नाहीत! पाच बायका एका ओसरीवर दर शनिवारी दुपारी सात वर्षं बसल्या, की पोत्यात किडे होतात तसे किस्से होतात. कुणी आणून टाकत नाही. पोतं हलवलं की बाहेर!

ओसरी आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांच्या बायकोची. त्यांना सगळे माई म्हणत. माईंची भाची वत्सला मुलींच्या शाळेत शिकवायची आणि राहायची माईंकडेच. तिचा आवाज गोड, म्हणून मासिकातली क्रमशः कादंबरी तीच मोठ्यानं वाचायची. ऐकायला माई, मी, धान्याच्या अडत्याची बायको नीलक्का, आणि दारात सूप घेऊन बसलेली सखूबाई. नीलक्का मैंदर्गीची, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारी. सखूबाई सांगोल्याकडची, माहेरी मेंढरं, इथं माईंचं दळणकांडण बघायची.

कादंबरीच्या नायकाचं नाव प्रभंजन. कपाळावर केसांची बट, डोळ्यांत वादळ, आणि उभा कुठं? खिडकीशी! वत्सला तो भाग वाचताना हळूच थांबायची आणि मग पान उलटायची. तिचं म्हणणं, नवरा असावा तर असा. माझं म्हणणं, असा माणूस मासिकातच बरा. मी उगाच बोलत नाही. माझ्याकडे पुरावे आहेत!

*

पहिला पुरावा सखूबाईचा. अकरावा हप्ता चालला होता. प्रभंजन खिडकीशी उभा राहून तीन पानं झाली होती. नायिका त्याच्या पाठीकडे बघत अश्रू ढाळत होती. सखूबाईनं सूप खाली ठेवलं.

"वत्सलाबाई, एक इचारू का? ह्यो माणूस कामाला कुटं जातो?"

वत्सलेनं मागची पानं चाळली. मग मागचे अंक काढले. आम्ही सगळ्यांनी शोधलं. अकरा महिन्यांत तो बाबा कामाला गेलाच नव्हता!

"आनि ऊट?" नीलक्का म्हणाली. तिच्या कानडीत ऊट म्हणजे जेवण. "अकरा म्हैने झाले, एकदा पन ऊट केला न्हाय यानं. मग वादळ सुटतंय की डोळ्यात! उपाशी माणसाला दुसरं काय होनार?"

*

तरीपण त्या वयात मोह पडतोच. मला पडला. आमचे हे स्टेशनवर पार्सल क्लार्क. स्वभावानं लई बोलके. केळीच्या करंड्यांपासून साहेबाच्या कुत्र्यापर्यंत दिवसभरात जे जे गाडीतून उतरलं, ते सगळं रोज माझ्यासमोर पुन्हा उतरायचं. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, "एक रविवार फक्त गप्प राहा ना. जरा गंभीर. खिडकीशी उभं राहायचं आणि लांब बघायचं."

"त्यानं काय होतं?"

"मला बरं वाटतं."

बिचारे तयार झाले. सकाळचा चहा झाला आणि उभे राहिले खिडकीशी. खरं सांगते, पाठमोरे छान दिसत होते! मी ओट्याजवळून चोरून बघत होते. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काय रे, बोलत का नाहीस?"

हे गप्प. लांब बघतायत.

"अगं बाई, याला काय झालं?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला, डोळे ताणून बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तेवढ्यानं भागेना, म्हणून कडू काढ्याचं भांडं चुलीवर चढलं. ह्यांनी वाटीभर काढा निमूट घेतला. शब्द दिला होता ना मला! पण सासूबाई एरंडेलाची बाटली शोधायला लागल्या, तेव्हा मात्र हे गर्रकन वळले.

"आई, मी ठणठणीत आहे!" आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या त्या नायकाला आई नसणार. म्हणून टिकला!"

मी अंक काढून बघितलं. खरंच नव्हती.

*

हे ओसरीवर सांगितलं, तर नीलक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "माझा तर खरा नायक होता बगा, वरीसभर."

तिचं लग्न होऊन ती सोलापूरला आली, तेव्हा अडतीवाले शेठ दिवसदिवसभर बोलायचे नाहीत. दुकानातून आले की गालावर हात ठेवून कोपऱ्यात बसायचे. कधी डोळे मिटायचे, कधी एकदम उसासा. नीलक्का पंधरा वर्षांची पोर. तिला वाटलं, या माणसाच्या मनात केवढं दुःख आहे! कुणावर जीव होता का याचा आधी? ती रात्रंदिवस त्यांच्या तोंडाकडे बघायची. जीव तुटायचा तिचा. बघता बघता प्रेमातच पडली.

"एक दिवस धीर केला नि इचारलं, तुमच्या मनात काय हाय ते मला सांगा. मी पायाशी बसले होते. त्येनी माझा हात धरला..."

वत्सला पुढं सरकली. "आणि?"

"आनि तोंडात घातला. हल्लु री, हल्लु! दाढ! वरीसभर दाढ किडली होती, नि उपटायची भीती!"

मग माईंच्याच यजमानांनी ती दाढ काढली. त्या दिवसापासून शेठ जे बोलायला लागले ते आजतागायत थांबलेले नाहीत.

"दाढ गेली नि नायक पन गेला," नीलक्का म्हणाली. "पन हा बोलका बरा हाय. याला काय दुखतंय ते कळतंय की!"

*

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही, ते वत्सलेची स्थळं आली तेव्हा. दोन आली. दोन्ही घरं माईंच्या माहितीतली, पत्रिका जुळलेल्या. डॉक्टरांनी निवड वत्सलेवर सोडली होती. त्या काळात ही केवढी गोष्ट!

एक विश्वासराव, पुण्याहून आलेले, मुलांच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे. सोलापूरच्या उन्हात काळा कोट. कपाळावर बट! त्यांना बघून मी आणि नीलक्कानं एकमेकींना चिमटे काढले. दुसरा गोविंदा, माढ्याकडचा. मुंबईला रंगाचं शिकून आमच्या गिरणीच्या रंगखात्यात लागलेला. ठेंगणा, भरघोस केस, जाड मिशा, आणि हात मनगटापर्यंत निळे. वत्सलेचं मन कुणीकडे झुकलं हे सांगायला नको.

विश्वासराव चहाला आले. माईंनी सरळ विचारलं, "लग्नानंतर वत्सलेची शाळा चालू राहील ना?"

विश्वासराव उठले आणि खिडकीशी गेले. आम्ही थांबलो. चहावर साय आली. गिरणीचा भोंगा झाला. शेवटी ते बाहेर बघतच म्हणाले, "माझ्या अंतरात एक वादळ आहे. त्यात जी येईल, तिला इतर काही उरणार नाही."

ते गेल्यावर वत्सलेनं चहाचे कप गोळा केले. मग म्हणाली, "म्हणजे नाही राहणार, असंच ना?"

"व्हय की," सखूबाई म्हणाली. "नुसतं न्हाय म्हनायला किती येळ बाहेर बगितलं त्येनं!"

*

तरी वत्सलेनं नकार कळवला नव्हता. मन ओढत होतंच. तेवढ्यात चैत्रात तिला टायफॉइड झाला. एकवीस दिवसांचा ताप. डॉक्टर घरचे, पण त्यांचाही चेहरा उतरलेला. आम्ही आळीपाळीनं उशाशी बसायचो.

विश्वासराव रोज भर दुपारी यायचे आणि रस्त्यावर उभे राहून तिच्या खिडकीकडे बघायचे. बोडकं डोकं, काळा कोट. समोर लिंबाची गार सावली होती, पण तिथून खिडकी दिसत नव्हती! गोविंदा गिरणी सुटल्यावर यायचा आणि काही न विचारता विहिरीवर जायचा. टायफॉइडच्या घरात पाणी किती लागतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी विश्वासराव धाडकन पडले. ऊन लागलं! आम्ही उचलून आत आणलं, पलीकडच्या खोलीत खाट टाकली. आता एका घरात दोन आजारी. एकीकडे वत्सलेच्या कपाळावर पट्ट्या, दुसरीकडे विश्वासरावांच्या तळपायाला कांदा. माईंचं डोकं फिरलं. कमरेला पदर खोचून त्या खाटेशी उभ्या राहिल्या.

"प्रेम करायचं तर सावलीत करा हो!"

ताप उतरल्यावर वत्सलेनं स्वतः पत्र लिहून विश्वासरावांना नकार कळवला. मला दाखवलं होतं तिनं. दोनच ओळी होत्या. 'माझ्या वर्गात चाळीस मुली आहेत. वादळ मला रोज भेटतं.'

*

विश्वासरावांवर मात्र अन्याय नको. पुढे त्यांचं लग्न अक्कलकोटच्या रमेशी झालं. आम्हांला त्या पोरीची फार काळजी. वर्षा-दीड वर्षानं ती आमच्या ओसरीवर आली, कडेवर गुटगुटीत बाळ. मी हळूच विचारलं, "घरी कसे असतात गं ते? खिडकीशी उभे राहतात का?"

"राहतात ना! तासतासभर."

"मग तू काय करतेस?"

"हातात पाळण्याची दोरी देते," रमा म्हणाली. "त्यांचं चिंतन होतं, बाळ झोपतं, माझी धुणी होतात. आमच्या गल्लीत असा नवरा कुणाचा नाही!"

माझ्या सगळ्या पुराव्यांत हा एकच उलटा निघाला. पण कर्तृत्व त्यांचं नव्हे, रमेचं!

*

आता वत्सलेच्याच आजारपणातला एक राहिला.

तापातून उठली, पण केस झडायला लागले. पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. शेवटी डॉक्टरांनी सगळेच कातरून टाकायला लावले. कंबरेपर्यंतचा शेपटा होता तिचा! त्या काळात बाईच्या बोडक्या डोक्याचा अर्थ काय होता, मी सांगायला नको. वत्सला आतल्या खोलीत जाऊन बसली. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. शाळेत जाईना, आमच्यात येईना. गोविंदा आला, तर दाराआडून म्हणाली, "तुम्ही दुसरीकडे बघा. मी आता कुणासमोर येणार नाही."

त्यानं विहिरीवरून दोन घागरी आणून ठेवल्या. मग निघून गेला. मी म्हटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी गोविंदा ओसरीवर हजर. डोकं गुळगुळीत! तेवढंच नाही, मिशाही गायब! आदल्या संध्याकाळी न्हाव्याला वाटलं, बाप गेला असणार. त्यानं न विचारताच मिशा उतरवल्या होत्या. गिरणीतली चार माणसं वाटेतच त्याला धरून रडली होती. माई म्हणाल्या, "अरे, हे काय केलंस?"

"लई उकडाय लागलंय," गोविंदा म्हणाला आणि खाली बसला.

आत बांगड्या वाजल्या.

गिरणीतल्या कुणीतरी शनिवारीच माढ्याला दुखवट्याचा निरोप धाडला असणार, कारण उन्हं तापायच्या आत टांगा दारात थांबला आणि त्यातून गोविंदाचे वडील उतरले. उंच, काटक म्हातारा. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. पोराच्या डोक्याकडे बघितलं, ओठावर बघितलं.

"मी मेलो व्हय रं?"

"न्हाय, बाबा."

"तुजी आई तर सकाळी मला भाकरी बांदून द्येत हुती."

"व्हय, बाबा."

"मग ही हजामत कुनाची?"

"कुनाची न्हाय. उकडतंय लई."

आतून हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग मोकळं. दीड महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता वत्सला दारापर्यंत आली आणि पदर कधी खांद्यावर आला ते तिला कळलंच नाही. डोक्यावर नुकते फुटलेले बारीक, काळे केस.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मग पोराकडे. परत तिच्याकडे.

म्हातारा पोराच्या शेजारी हळूच टेकला. काठी भिंतीला लावली. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला, आणि आपल्याही गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "खरंच की रं. हितं लईच उकडतंय."